मदत हवी आहे: ग्लिसरॉल-ॲडिपिक ॲसिडचं जेल ७०.७ टक्क्यांना की ८३.३ टक्क्यांना?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ग्लिसरॉल आणि ॲडिपिक ॲसिडचं पॉलिएस्टर करतोय. २ मोल ग्लिसरॉलला ३ मोल ॲसिड, म्हणजे दोन्हीकडचे जुळणारे गट (ग्लिसरॉलचे तीन ओएच, ॲसिडची दोन आम्ल टोकं) बरोबरीने. अधूनमधून नमुना काढून टायट्रेशन करतो. आम्लांकावरून (उरलेल्या आम्लाच्या मापावरून) किती टक्के गट जुळले ते कळतं. बराच वेळ मिश्रण नुसतं दाट होत राहतं आणि मग बघता बघता जेल होऊन स्टरर अडकतो.

हा क्षण आधी सांगणारी दोन गणितं आहेत. रसायनशास्त्रज्ञ कॅरदर्सच्या गणितात रेणूंची सरासरी लांबी अनंत व्हावी लागते. त्याचं उत्तर ८३.३ टक्के. दुसरे रसायनशास्त्रज्ञ फ्लोरी, त्यांनी १९४१ मध्ये प्रश्नच वेगळा मांडला: एका ग्लिसरॉलवरून निघालो तर पुढची वाट मिळतच राहील का? एका ओएचवरून आलो की दर ग्लिसरॉलला पुढे दोन वाटा, आणि प्रत्येक वाटेवर ॲसिडची दोन्ही टोकं जुळलेली हवीत. म्हणून जुळणीच्या प्रमाणाच्या वर्गाची दुप्पट १ झाली की जेल, म्हणजे ७०.७ टक्के.

त्या क्षणी दर रेणूत सरासरी साडेसहाच्या आसपासच घटक (ग्लिसरॉल किंवा ॲसिड) असतात! लहान रेणूच संख्येने जास्त, म्हणून ही सरासरी फारशी वाढत नाही. वजनाने काढलेली सरासरी मात्र तिथेच अनंताला जाते. भांडंभर पसरलेला एकच रेणू आणि त्याच्या जाळ्यात अडकलेला बाकीचा द्रव. हे कळलं तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

पण ग्लिसरॉल आणि द्विआम्लांसाठी पुस्तकात दिलेला प्रायोगिक आकडा ७६.५ टक्के आहे. फ्लोरीने सगळे ओएच सारखेच धरले आणि कड्या (बंद वलयं) होत नाहीत असं मानलं. ग्लिसरॉलचा मधला ओएच दुय्यम (मधल्या कार्बनवरचा), टोकाच्या प्राथमिक ओएचपेक्षा मंद. आणि साखळी स्वतःलाच जुळून कडी झाली की तो बंध जाळ्याच्या कामी येत नाही. दोन्हींमुळे जेल लांबतं. कशामुळे किती, हे वेगळं कसं करायचं?

ग्लिसरॉलऐवजी ट्रायमेथिलॉलप्रोपेन घ्यावं असं मनात आहे, त्याचे तिन्ही ओएच प्राथमिक असतात. मग उरलेला फरक कड्यांचा, असं म्हणता येईल का? की द्रावक घालून पातळ करूनही बघावं लागेल? पातळ मिश्रणात कड्या वाढतात, म्हणून विचारतोय.

दुसरं, जेलचा क्षण सध्या बुडबुडे वर यायचे थांबले की धरतो. गाईड म्हणतात रिओमीटर (प्रवाहीपणा मोजायचं यंत्र) वापर: टॅन डेल्टा (द्रवासारख्या आणि घनासारख्या वागण्याचं गुणोत्तर) सगळ्या वारंवारितांना सारखाच आला की तो जेलबिंदू. पण तापलेल्या नमुन्यात मोजता मोजताच अभिक्रिया पुढे सरकते, वर पाण्याची वाफ निघते. नमुने वेगवेगळ्या वेळी काढून, झटकन थंड करून मग मोजले तर चालेल का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.