मदत हवी आहे: युद्धाची बातमी आली की बाबा सगळे फंड काढायला निघतात

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

बाबा सत्तरीच्या पुढचे, पेन्शन नाही. निवृत्तीचे निम्मे पैसे इक्विटी (शेअर बाजारात गुंतवणाऱ्या) म्युच्युअल फंडांत आहेत आणि त्यातूनच दरमहा एसडब्ल्यूपीने, म्हणजे ठरावीक रकमेची युनिट्स आपोआप विकून, घरखर्च चालतो. एरवी बाजार पडला तरी ते शांत असतात, पण युद्ध किंवा अतिरेकी हल्ला म्हटला की त्यांची झोप उडते. १२ मार्च १९९३ ला शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला तेव्हा ते फोर्टातच नोकरीला होते.

ऑपरेशन सिंदूरनंतर, शुक्रवारी ९ मे २०२५ ला सेन्सेक्स ८८० अंकांनी घसरला. टीव्हीवर सायरन चालूच. बाबा म्हणाले, "तीनच्या आत विक्री टाक, आजचा एनएव्ही (युनिटचा भाव) लागू दे." मी कसंबसं सोमवारपर्यंत थांबवलं. शनिवारी शस्त्रसंधी झाली, सोमवारी सेन्सेक्स तब्बल २,९७५ अंकांनी उसळला. बाबा एवढंच म्हणाले, "आणि शस्त्रसंधी झाली नसती तर?"

त्यांचं चूक नाही. कारगिलच्या वेळी बाजार चढला होता हे सगळेच सांगतात. २६/११ नंतर एक दिवस बंद राहून उघडला तोही किंचित वरच बंद झाला. पण तेव्हा तो जागतिक मंदीत आधीच निम्म्याहून खाली आला होता, मग तो दाखला कसला? २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि एका दिवसात सेन्सेक्स २,७०२ अंकांनी पडला. युद्ध लांबचं, पण कच्चं तेल शंभर डॉलरवर गेलं, परदेशी गुंतवणूक संस्था शेअर विकत राहिल्या, जूनमध्ये बाजार आणखी खाली. वर्षाअखेरीस नवा उच्चांक झाला खरा, पण तोवर दरमहा पडत्या भावात विकलेली युनिट्स गेली ती गेलीच.

म्हणून लिक्विड फंड (कमी जोखमीचा, पैसे लगेच काढता येणारा) आणि एफडीत काही वर्षांचा खर्च बाजूला काढून पडत्या काळात तिथून घर चालवावं, असा विचार आहे. दोन वर्षांचा पुरेल की तीन? इक्विटीतून एकदम काढू, की मार्चअखेरच्या आधी थोडे आणि एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागल्यावर थोडे, म्हणजे सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावरची करमाफी दोनदा मिळेल? इंडिया व्हिक्स (बाजारातल्या अपेक्षित चढउताराचा निर्देशांक) बघून कुणी काही ठरवतं का? मला तरी तो पडझड झाल्यावरच चढलेला दिसतो.

"थांबा, बाजार वर येतोच" हे सांगून झालं आहे. ज्यांच्या घरी ज्येष्ठांचा खर्च एसडब्ल्यूपीवर चालतो, त्यांनी २०२२ मध्ये नेमकं काय केलं ते कृपया आकड्यांसह लिहा.