जुना संगणक दुरुस्त केला की बदलला? आपले अनुभव लिहा

माझा नऊ वर्षांचा लॅपटॉप गेल्या आठवड्यात हातातून निसटून पडला. पडद्याचा उजवा कोपरा काळा झाला आहे आणि बिजागरीपाशी झाकण तडकले आहे. एका दुकानाने दुरुस्तीचा अंदाज साडेनऊ हजार रुपये दिला, तर दुसऱ्या दुकानातील गृहस्थांनी यंत्र उघडूनही न पाहता "आता नवीनच घ्या" असे सांगितले. दोन्ही सल्ल्यांनी माझे समाधान झालेले नाही. म्हणून अशा पेचातून गेलेल्या सर्वांना विनंती करते की, आपल्या संगणकाचा नेमका कोणता भाग बिघडला होता, निदान कसे झाले, खर्च किती आला आणि त्यानंतर तो किती काळ चालला, हे सविस्तर लिहावे. पस्तावलेल्यांचे अनुभवही मला तितकेच हवे आहेत.

अक्षरजुळणी व्यावसायिक, सदाशिव पेठ

माझ्याकडे २००३ साली जुळवून घेतलेला संगणक आजही कामात आहे. त्यावर पाने जुळवण्याचे पेजमेकर आहे आणि मराठी टंकांचे (फाँटचे) एक जुने सॉफ्टवेअर आहे, ज्याचे कुलूप, म्हणजे ते चालवण्यासाठी लागणारे छोटे उपकरण, मागच्या प्रिंटरच्या पोर्टला लावावे लागते. नव्या संगणकांना ते पोर्टच नसते. जवळजवळ वीस वर्षांची पुस्तके मी त्या टंकांत जुळवलेली आहेत. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, आणता येतात, परंतु रफार भलत्याच अक्षरावर जातात, काही जोडाक्षरे तुटतात आणि अख्ख्या पुस्तकाचे मुद्रितशोधन नव्याने करावे लागते. प्रकाशक जुन्या पुस्तकाची आवृत्ती पंधरा दिवसांत मागतो, तेव्हा तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.

२०१६ च्या पावसाळ्यात हा संगणक पहिल्या बटणाला सुरू होईनासा झाला. तीनचार वेळा दाबावे, मग चालू व्हायचा आणि मध्येच आपोआप बंद पडायचा. मी तो रिक्षात घालून पुण्यातील संगणकाच्या बाजारात, तपकीर गल्लीत नेला. तेथील कारागिराने दिवा जवळ ओढून मला मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, दाखवला. प्रोसेसरशेजारच्या ओळीतील पाच कपॅसिटरांची (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) सपाट असायला हवी ती डोकी फुगून वर आली होती आणि एकाच्या खाचेतून बाहेर आलेला तपकिरी द्रव राळेसारखा वाळला होता. त्याने पाचही बदलले, साडेतीनशे रुपये घेतले आणि जुने काढलेले माझ्या हातात ठेवले. त्यानंतर एकदा पॉवर सप्लाय आणि दोनदा तारीख राखणारी बटणासारखी बॅटरी, एवढेच बदलावे लागले. या यंत्राला मी इंटरनेट जोडत नाही आणि नवे काम नव्या संगणकावरच करतो. जुने यंत्र जुन्या पुस्तकांसाठी आहे, आणि ती आहेत तोवर मी ते दुरुस्त करत राहणार.

गृहिणी, सिंहगड रस्ता

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याने आमच्या एकतानगरीत पूर आला, तेव्हा टेबलाखाली ठेवलेला संगणक पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर केबिनेटच्या जाळीतून गाळ गळत होता. मुलगा म्हणाला, उन्हात वाळवून एकदा लावून पाहू. सुदैवाने आम्ही आधी हार्ड डिस्कवरची माहिती काढून देणाऱ्या एका तंत्रज्ञांना फोन केला. त्यांनी निक्षून सांगितले की डिस्क वाळवू नका, वीज तर मुळीच देऊ नका, ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बंद करून आणा. आतल्या तबकडीवर गाळ वाळला आणि ती फिरली, तर वाचणारे शीर्ष सगळे खरवडून टाकते. संगणक आम्ही टाकला, त्याचे आम्हाला काहीच वाटले नाही. डिस्कवर मात्र सासऱ्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतील छायाचित्रे होती आणि ती काढण्यासाठी अकरा हजार रुपये लागले, म्हणजे त्या संगणकाच्या त्या वेळच्या किमतीहून जास्त. बहुतेक सर्व छायाचित्रे मिळाली.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोथरूड

आठ वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला सहा मिनिटे घेत होता. हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवली, चार जीबी रॅमची आठ केली. साडेतीन हजारांत काम झाले आणि दोन वर्षे उत्तम चालला आहे.

कर सल्लागार, नारायण पेठ

माझा अनुभव उलटा आहे. कार्यालयातील २०१६ च्या संगणकात मी एसएसडी घातली, पंखा बदलला आणि समाधानी होतो. परंतु विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप तसेच इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; माझा सहाव्या पिढीचा होता. अशिलांचे पॅन आणि बँकेचे तपशील ज्या यंत्रावर आहेत, त्याला सुरक्षेची नियमित अद्ययावतने (अपडेट) मिळत नसतील, तर ते वापरणे मला योग्य वाटले नाही. ठणठणीत यंत्र बदलताना जीवावर आले. आता त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातली आहे आणि मुलगी अभ्यासाला वापरते. दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी पाहिली असती, तर माझे पाच हजार वाचले असते.

लॅपटॉप दुरुस्ती करणारा, हडपसर

ताई, पैसे देण्याआधी लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडा. तेथे चित्र स्वच्छ दिसले, तर बिघाड बहुधा फक्त पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे आणि मदरबोर्ड शाबूत आहे. पडदा आणि बिजागरीसह झाकण, यांचे भाव वेगवेगळे मागा. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकच्या ज्या खुंट्यांत बसतात त्या तुटल्या असतील, तर नुसते चिकटवून देणाऱ्याला नाही म्हणा. महिन्याभरात पुन्हा सुटते आणि नवा पडदाही तडकतो.

धागाकर्ती

आत्ताच टीव्हीला जोडून पाहिले. चित्र कोपऱ्यापर्यंत स्वच्छ आहे. प्रोसेसर मात्र सातव्या पिढीचा निघाला. आज रात्री सर्व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर काढून घेते आणि उद्या दोन्ही भाव वेगळे विचारून येथे लिहिते.