पर्वरी ते पणजी एकटीने: जीपीएसवर किती विसंबायचं?

प्रश्न (पर्वरीहून)

नमस्कार. माझं वय ३४. रेटिनायटिस पिगमेंटोजामुळे नजर हळूहळू गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. पुढच्या महिन्यापासून पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या एका ऑफिसात रुजू व्हायचं आहे. आजवर भाऊ सोडायचा, आणायचा. रोज ते त्याला शक्य नाही आणि मलाही नको आहे.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एकटी गेले. येताना कंडक्टरला थांबा सांगून ठेवला होता, पण बस भरली, "फुडें वच, फुडें वच" (पुढे जा) सुरू झालं आणि तो विसरला. मी पर्वरीच्या पुढे थेट गिरी गावाला उतरले. तिथून एका बाईंनी हात धरून रस्ता ओलांडून दिला, परतीच्या बसमध्ये बसवलं. घरी पोचेपर्यंत हातपाय थरथरत होते.

अँड्रॉइड फोन आहे, त्यातलं टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) जमतं. पण नकाशाचं अ‍ॅप लावलं की ते म्हणतं, "ईशान्येला चला." ईशान्य कुठे ते मला कसं कळणार? शिवाय कानात इअरफोन घातला की गाड्यांचे आवाज बुजतात. जे रोज असे फिरतात त्यांनी कृपया सांगा.

उत्तर १ (मडगाव)

आधी काठीचं रीतसर प्रशिक्षण झालंय का? जीपीएसला उघडं गटार कळत नाही, उभी केलेली स्कूटर कळत नाही. ते काम काठीचंच. इअरफोन मात्र दोन्ही कानांत कधीच नको. बोन कंडक्शनचा हेडफोन मिळाला तर घ्या. तो गालाच्या हाडावर बसतो आणि कान मोकळे राहतात.

उत्तर २ (फोंडा)

ताई, गिरीचा प्रसंग वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. मी जन्मापासून अंध. भजनाला हार्मोनियमची साथ करतो, त्यामुळे गावोगावच्या देवळांत जाणं होतं. कदंबाची सरकारी बस, खाजगी बस, पायलट (भाड्याची मोटारसायकल), फेरीबोट, सगळ्यांतून एकटा फिरतो.

आधी तुमचं ईशान्य. जीपीएसला तुम्ही कुठे आहात ते कळतं, तोंड कुठे आहे ते कळत नाही. उभ्या माणसाची दिशा फोन आतल्या होकायंत्रावरून ठरवतो आणि जवळ बसचा पत्रा किंवा लोखंडी कठडा असला की तो चकतो. म्हणून गाड्यांपासून दूर होऊन फोन हातात धरा, हवेत दोन-तीनदा इंग्रजी आठ काढा, मग सुरक्षित जागी दहा-पंधरा पावलं सरळ चाला. चालायला लागलात की हालचालीवरून दिशा पक्की होते आणि सूचना डाव्या-उजव्याच्या भाषेत येऊ लागतात. सकाळी तर पणजीच्या स्टँडवर त्याचीही गरज नाही. शहर स्टँडच्या पश्चिमेला आहे, ऊन पाठीवर आलं की तुम्ही पाटोच्या पुलाकडे तोंड करून आहात.

बसमध्ये खिडकीची जागा मागा. हक्काने मागा, लोक देतात. फोन काचेजवळ धरा, पत्र्याच्या आत सिग्नल कमी पोचतो. मुक्कामाची जागा म्हणून घर न टाकता थांबा टाका आणि पायी नव्हे, गाडीचा पर्याय निवडा. अर्धा किलोमीटर उरला की उठायचं आणि कंडक्टरला आपणच सांगायचं. येताना मांडवी नदीवरचा वारा लागतो, पूल संपला की पर्वरीची चढण सुरू होते आणि इंजिनाचा आवाज जड होतो. ही खूण फोनपेक्षा खात्रीची. पुलावर फोनचं फार मनावर घेऊ नका. २०१९ साली अटल सेतू झाल्यापासून तिथे तीन पूल एकमेकांना लागून आहेत, त्यांतला एक उंचावर. उंची ओळखण्यात जीपीएस आणखीच कच्चं, म्हणून कधी कधी तुम्ही भलत्याच पुलावर आहात असं सांगतं.

आता खरं महत्त्वाचं. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनचं जीपीएस सुमारे ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. ५ मीटर म्हणजे आपली आठ-दहा पावलं, आपल्याकडचा अख्खा एक रस्ता. तुम्ही रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहात हेसुद्धा त्याला नक्की ठाऊक नसतं. पणजीच्या मळा भागातल्यासारख्या चिंचोळ्या गल्ल्यांत भिंतींवरून सिग्नल उलटून येतो, तिथे चूक आणखी वाढते.

एकदा एका गावी आरतीच्या आधी लवकर पोचलो. कोणी घ्यायला आलं नव्हतं, म्हणून फोनच्या भरवशावर निघालो. "तुम्ही पोहोचलात" असं ऐकू आलं आणि पुढच्याच पावलाला काठी खाली गेली. चिऱ्याची पायरी, तिच्याखाली दुसरी, आणि पाण्याचा वास. नकाशातला ठिपका देवळावर होता, पण मला वळवलं होतं मागच्या तळीकडे. काठी नसती तर पाण्यात गेलो असतो. त्या रात्री साथ करताना बोटं गार पडली होती.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. नव्या जागी पहिल्यांदा कुणाला तरी सोबत घेऊन जातो, नेमक्या दारात उभा राहतो, फोनला एक मिनिट स्थिरावू देतो आणि ती जागा स्वतःच्या नावाने साठवतो: "दार, उजवीकडे तुळस". गुगल मॅप्समध्ये जागेचा प्लस कोडही मिळतो, म्हणजे पत्त्याऐवजी वापरायचा छोटा संकेत. नेहमीचा दहा अक्षरांचा कोड साधारण १४ मीटरचा चौकोन दाखवतो. अकरावं अक्षर जोडलं तर चौकोन ३ मीटरांवर येतो, पण फोनच ५ मीटर चुकत असेल तर त्या बारकाव्यावर विसंबू नये. आपल्या गावांत घरांना नंबरापेक्षा वाड्याची आणि घराण्याची नावं चालतात, म्हणून कोड पायलटला पाठवायलाही सोपा.

पावसात छत्री नको. एक हात काठीला, एक छत्रीला, मग फोन कुठे? आणि छत्रीवरच्या थेंबांनी रहदारी ऐकू येत नाही. रेनकोट घाला, फोन गळ्यातल्या बंद पिशवीत. ओल्या काचेवर टॉकबॅकचे स्पर्श भलतेच लागतात, म्हणून मार्ग आडोशालाच लावून घ्या.

उत्तर ३ (म्हापसा)

मी डोळस आहे, ओपनस्ट्रीटमॅपवर भर घालतो. हा नकाशा कुणीही सुधारू शकतं. तुमचा थांबा, ऑफिसचं दार, ओलांडायची जागा इथे लिहा, मी जागेवर जाऊन नोंदवतो. ऑस्मअँड हे अ‍ॅप याच नकाशावर चालतं, इंटरनेट नसतानाही.

गुगल मॅप्समध्ये पायी चालण्यासाठी सविस्तर आवाजी मार्गदर्शनही आहे. २०१९ साली ते अमेरिकेत इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत सुरू झालं. तुमच्या फोनवर दिसतं का ते नेव्हिगेशनच्या सेटिंगमध्ये पाहा.

प्रश्नकर्ती

सर्वांची मी आभारी आहे. फोंड्याच्या दादा, तळीचं वाचताना अंगावर काटा आला. दोन रविवार भावासोबत जाऊन तीन जागा साठवल्या: पर्वरीचा थांबा, पाटोच्या पुलाचं टोक, ऑफिसचं दार. काल तो वीस पावलं मागे राहिला आणि मी पुढे चालले. ऑफिसचा जिना सापडला, पण एक दुकान आधी वळले होते. काठी शटरला लागली तेव्हा कळलं.

म्हापशाच्या दादांना थांब्याची माहिती वेगळी लिहिते. एक राहिलंच, पावसात ऊन नसताना स्टँडवर दिशा कशी धरायची?

उत्तर २ (फोंडा)

गाड्यांचा गोंगाट आणि शिट्ट्या पाठीशी ठेवायच्या. तरी मनात शंका आली तर तिथेच थांबून विचारायचं, "पाटोचो पूल खंय (कुठे)?" पुढच्या रविवारी पाऊस असला तरी जा, भाऊ सोबत असतानाच एकदा भिजून बघा.