गावी राहून काम करायचं तर पगार 15 टक्के कमी. सही करू का?

रानमोगरा

नमस्कार. मी कुडाळहून लिहितेय. जून 2016 पासून पुण्यातल्या एका कंपनीत आहे, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलिंगचं काम. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन सासरी आले, ती आजवर इथंच आहे. वाकडचं भाड्याचं घर त्याच दिवाळीत सोडलं. मुलगा इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आता कुठं मार्गी लागलंय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं.

परवा एचआरचं पत्र आलं. 1 एप्रिलपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात या, नाहीतर कायम घरून काम करायच्या करारावर सही करा. त्या करारात पगार 15 टक्के कमी, कारण 'राहण्याचा खर्च कमी असलेलं ठिकाण'. 31 जानेवारीपर्यंत कळवायचं आहे. आज महिन्याला 80,000 आहेत, बेसिक (भत्ते सोडून मूळ पगार) त्याच्या निम्मा. म्हणजे दरमहा 12,000 जाणार.

खर्च कमी आहे हे खरंच आहे. भाडं नाही, तांदूळ घरचा, नारळ घरचे. पण काम चालू राहावं म्हणून जे लागतं ते सगळं मी घातलंय. इन्व्हर्टर घेतला, त्याची बॅटरी एकदा बदलून झाली. नेट दोन कंपन्यांचं ठेवावं लागतं, कारण पावसाळ्यात एक बंद पडलं तर दुसऱ्यावर जायचं. मे महिन्यात वळवाच्या विजा सुरू झाल्या की आधी राउटरची पिन काढायची. एक राउटर असाच जळलाय. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा चार दिवस लाईट नव्हती. ओळखीच्यांच्या काजूच्या कारखान्यात जनरेटर होता, तिथं गोण्यांच्या मधे टेबल टाकून मी बिलं पूर्ण केली. तरी दोन दिवसांची रजा कापली गेली.

आणि वेळेचं काय? माझी शिफ्ट दुपारी 1 ते रात्री 10. पुण्यात असताना सव्वादहाला कॅब निघाली की मी सुटले. आता अकरालाही फोन येतो, "घरीच आहेस ना, एवढी एक फाइल बघून घे." आणि सकाळी नातेवाईकांचं तेच. घरीच असतेस ना, मग बँकेत जाऊन ये, सिलेंडर घेऊन ठेव, शेजारच्यांचं पार्सल घे. दोन्हीकडचे लोक मला मोकळी समजतात. सकाळचे दोन तास आणि रात्रीचा एक, असे माझे तीन तास रोज कुठे जातात ते मलाच कळत नाही.

क्लायंट न्यू जर्सीचा. त्यांची सकाळी 10 ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसातला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की ती साडेआठला जाते. सध्या तशीच आहे, त्यामुळे मुलाचं जेवण माझ्याशिवाय होतं. सासूबाई दाराशी येऊन हळूच विचारतात, "गो, जेवाक येतंस ना?" आणि मी हातानंच थांबा म्हणते. गेल्या चतुर्थीत आरतीचा आवाज मीटिंगमध्ये जाऊ नये म्हणून मी माजघराचं दार लावून घेतलं होतं. ते दार लावल्याचं मला अजून वाईट वाटतं.

तीन दिवस पुण्याला जाणं मला शक्य नाही. नोकरी सोडली तर इथं याच्या निम्म्या पगाराचंही काम मिळणार नाही. सही करावी का? आणि रात्रीच्या फोनला काही कायदा आहे का?

चिंचवडचा प्रवासी

ताई, मी दुसऱ्या बाजूनं लिहितो, राग मानू नका. मी 2023 पासून आठवड्यातले तीन दिवस खराडीला जातो. जायला सव्वा तास, यायला कधी दोन. महिन्याला साडेचार हजारांचं पेट्रोल. आमच्यात जे पूर्ण घरून करतात त्यांच्याबद्दल मनात थोडी असूया असते, खोटं कशाला बोलू.

पण एक पाहिलंय. नवीन प्रोजेक्ट आला की साहेब जागेवरून उठतात आणि समोर जो बसलाय त्याला विचारतात. लातूरहून काम करणारी आमची एक सहकारी आमच्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे, पण दोन वर्षं तिच्याकडे जुनंच काम आहे. त्यामुळे 15 टक्के आज कापले, पुढची वाढ कशावर धरणार, बढतीच्या यादीत नाव राहणार का, हे आधी विचारा. मला त्या 12,000 पेक्षा तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आकडेमोड

मी 22 वर्षं पगारपत्रकं केली. पत्रात जे लिहिलेलं नसतं ते सांगतो.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी एकरकमी देते ते पैसे, शेवटच्या बेसिकवर निघते. दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. तुमची साडेनऊ वर्षं झाली. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे 10. आजच्या 40,000 बेसिकवर 2,30,769 रुपये होतात. बेसिक 34,000 झाला की त्याच 10 वर्षांचे 1,96,154. म्हणजे 2016 ते 2020 ही वर्षं तुम्ही पुण्याच्या ऑफिसात बसून भरली, त्यांचीही किंमत या सहीनं खाली येते. 34,615 रुपयांचा फरक आहे आणि तो पत्रात कुठंही दिसणार नाही.

पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर कंपनीचा 12 टक्के वाटा 4,800 वरून 4,080 होईल. 15,000 च्या मर्यादेवर कापत असतील तर फरक नाही. पगारपत्रकात बघा.

पगार कमी झाला तर कर तरी वाचेल असं कुणी म्हणेल. तुमचं वर्षाचं 9,60,000. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर नाही. वाचायला काही नाहीच, कापलेला प्रत्येक रुपया तुमच्या हातातला.

म्हणून माझा सल्ला असा, की बेसिकला हात लावू देऊ नका. कमी करायचंच असेल तर भत्त्यांतून करा म्हणावं. घरभाडे भत्ता कमी झाला तर ते निदान समजण्यासारखं आहे, कारण तुम्ही भाडं देत नाही. जे ठरेल ते ईमेलवर घ्या, फोनवरच्या शब्दावर सही करू नका.

तुती

कायद्याचं थोडक्यात. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे अजून नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक (सरकारनं नव्हे, खासदारानं स्वतः मांडलेलं) मांडलं होतं आणि डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. पण खासगी विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण 1970 चं आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून. तुम्हाला आत्ता जे मिळेल ते करारातच लिहून घ्यावं लागेल: शिफ्ट कधी संपते आणि त्यानंतर बोलावलं तर काय.

सोलापूरची लेक

ताई, तुमचं वाचून आईची आठवण आली. ती विड्या वळायची. कारखान्यातून तेंदूची पानं, तंबाखू, सूत मोजून आणायचं, पानं भिजवायची, कापायची, रात्रीपर्यंत सूप मांडीवर. मजुरी हजार विड्यांवर. परत द्यायला गेलं की खराब म्हणून काही बाजूला काढायचे, त्यांचे पैसे नाहीत. पानं कमी भरली तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची. घर आमचं, दिव्याचं बिल आमचं, गड्ड्या बांधायला हात आम्हा बहिणींचे. बाहेरचे म्हणायचे, बरं आहे, घरबसल्या मिळतंय.

आई दिवसभर घरात असायची आणि आम्ही तिच्याशी बोलायला गेलो की ती म्हणायची, पन्नास राहिल्यात, थांब. तुमचं ते हातानं थांबा म्हणणं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

लॅपटॉपच्या कामाची आणि विडीची तुलना होत नाही, तुमचा पगार आईनं स्वप्नातही पाहिला नसता. पण घर कामाला दिलं की त्या जागेचे, विजेचे, घरच्यांच्या हातांचे पैसे मागायचे असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मागा.

रानमोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. आकडेमोड काका, ग्रॅच्युइटीचं गणित वाचून मी रात्री उठून सगळी पगारपत्रकं काढली. पीएफ पूर्ण बेसिकवरच कापतात. सोलापूरच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, चहा ठेवतंय.

काल ईमेल पाठवला. बेसिक आहे तोच ठेवा, घरभाडे भत्त्यातून 5,000 कमी करायला मी तयार आहे, असं लिहिलं. इन्व्हर्टरची बॅटरी आणि दुसऱ्या नेटची बिलं जोडली. वाढ आणि बढती ऑफिसातल्या लोकांसारखीच धरणार का, हेही विचारलं. शिफ्ट रात्री 10 ला संपते, त्यानंतर काम पडलं तर दुसऱ्या दिवशी तेवढं उशिरा सुरू करेन, हे करारात लिहून मागितलं. तौक्तेच्या त्या दोन दिवसांबद्दलही लिहिलं. ती रजा परत मिळणार नाही, पण नोंद असावी असं वाटलं.

मॅनेजरचा फोन आला, बेसिकचं बघतो म्हणाले. दहानंतरच्या कामाबद्दल म्हणाले, "असं लिहून कुणी देत नाही, समजून घे." मी म्हटलं, मग निदान महिन्यातून किती वेळा ते तरी लिहा. मंगळवारी एचआरशी बोलणं आहे.

दुपारी एकच्या आधी बँकेत जाणार नाही, हे घरीही सांगून टाकलंय. सिलेंडर आता नवरा दुकानातून येऊन घेतो. काय होतं ते मंगळवारी रात्री इथं लिहीन. मीटिंग संपली की, म्हणजे साडेनऊ होतील.