मदत हवी आहे: सेरामपूर कॉलेजचे 'प्रमुख' कोणाला म्हणावे?

सप्रेम नमस्कार. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक अंकासाठी मी बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या (आपले नगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे) प्रमुखांचा इतिहास लिहीत असून एका ठिकाणी अडलो आहे. विल्यम कॅरे, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये काढलेल्या या संस्थेला डेन्मार्कच्या राजाच्या १८२७ च्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि कारभार 'मास्टर' व कौन्सिल यांच्याकडे आला. पुढे प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांच्या कारकिर्दीत, १९१८ च्या कायद्याने, ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांसाठी सिनेट निर्माण झाली. मग तक्त्यात प्रमुख म्हणून मास्टर धरावेत, प्राचार्य, की सिनेटचे अध्यक्ष? 'मास्टर' तसाच ठेवला तर वाचकाला शाळामास्तर आठवतो आणि 'कुलपती' लिहिणे मला ओढूनताणून वाटते. ज्या कॅरेंनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले, त्यांच्याच संस्थेतील पदाला मराठी शब्द सापडू नये, याची थोडी गंमतही वाटते. कोणाकडे 'ज्ञानोदय' या मराठी ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक असल्यास त्यांत ही पदनामे कशी छापली आहेत, ते शक्यतो पानाच्या छायाचित्रासह कळवावे, ही विनंती.