शब्दचर्चा : शब्दप्रामाण्य

विचारणा : 'शब्दप्रामाण्य' हा 'बुद्धिप्रामाण्य'च्या उलट अर्थाचा शब्द धरावा का? 'पिढीजात धर्माचारात बुद्धीच्या नजरेतून सुटलेलं शहाणपण असतं' असं मानणाऱ्याला शब्दप्रामाण्यवादी म्हणावं का?

प्रतिसाद : सर्रास म्हणतात, पण 'पोथीत आहे म्हणून खरं' एवढाच त्याचा अर्थ नाही. न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, प्रमाणं (खरं ज्ञान मिळवायची साधनं) चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळख), शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. हा आप्त 'आप्तेष्टां'तला नव्हे! या दर्शनाचा मूळ ग्रंथ न्यायसूत्र, त्यातल्या १.१.७ वरच्या भाष्यात वात्स्यायन त्याचं लक्षण देतो : विषय स्वतः जाणलेला हवा आणि जाणला तसाच सांगायची इच्छा हवी. वर हेही म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच. जुनेपणाची अट त्यात नाही.

प्रतिसाद : मीमांसकांचं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचं काय? वेद अपौरुषेय (कुणीही न रचलेले) म्हटल्यावर सांगणाराच उरत नाही.

प्रतिसाद : तिथे गणित उलटं आहे. सांगणारा नाही, म्हणून चुकणाराही नाही. शब्दप्रामाण्यावरच्या आजच्या टीकेचा सूर या अर्थाला लागू पडतो. उलट वैशेषिक हे दुसरं दर्शन शब्दाला अनुमानातच घालतं आणि वेद न मानणारे चार्वाक प्रत्यक्षापुढे जात नाहीत. तेव्हा 'आपली परंपरा शब्दप्रामाण्यवादी' हे विधान ढिसाळच.

मूळ वाक्यात खरी मेख वेगळी आहे. आचार पाळणाऱ्याला कारण ठाऊक नसतं, म्हणजे सांगणारा आप्त हाती लागत नाही. मग 'ज्या अर्थी इतक्या पिढ्या टिकलं, त्या अर्थी उपयोगी असणार' असं म्हणायचं. पण हे तर अनुमान झालं, बुद्धीचंच काम! त्यातला 'टिकणं' हा हेतूही (अनुमानाचा आधार) सव्यभिचार, म्हणजे दोन्हीकडे लागू पडणारा आहे, कारण घातक रूढीही तितक्याच टिकतात. टिकण्यावरून तपासायची निकड ठरते, निर्णय नाही.

प्रतिसाद : न्यायसूत्र १.१.८ मधला शब्दाचा भेदही इथे कामाचा : दृष्टार्थ (अनुभवता येईल अशा गोष्टीबद्दलचा) आणि अदृष्टार्थ (तसा न येणाऱ्या गोष्टीबद्दलचा). 'उपवासाने अंग हलकं होतं' हे पडताळता येतं, 'पुण्य लागतं' हे नाही. वादात लोक पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा करतात. (न्यायसूत्रही आयुर्वेदाचा दाखला देऊनच वेदाचं प्रामाण्य सांगतं, हा भाग निराळा.)

विचारणा : मग त्या माणसाला काय म्हणू?

प्रतिसाद : 'परंपरावादी'. 'रूढिवादी' नको, त्यात आधीच निकाल दिलेला असतो.