कळप खोकडामागे लागला तर दोष हंट्समनचा की वासाचा?

रानवाट
इंग्लंड-वेल्समध्ये हाउंड (शिकारी कुत्रे) सोडून खोकड मारणं २००४ च्या कायद्याने बंद झालं, अंमल फेब्रुवारी २००५ पासून. (तिथला 'फॉक्स' म्हणजे खोकड, आपला कोल्हा नव्हे.) आता एकजण वासाचा फडका ओढत पुढे जातो आणि कळप त्या मागावर धावतो, याला ट्रेल हंटिंग म्हणतात. तरी कळप कधीकधी जिवंत खोकडामागे लागतो. माझ्या मते यात हंट्समन, म्हणजे कळप चालवणारा, कच्चा. शिस्त जेवणाच्या दारात लागते: दार अर्धं उघडायचं, नाव घेतलं तोच आत, बिनबोलावता घुसला तो परत. तरण्या कुत्र्याचा पट्टा आखूड साखळीने जुन्या कुत्र्याला जोडून उन्हाळाभर फिरवायचं. मेंढीकडे मान वळली की त्याच क्षणी नाव घेऊन दटावायचं. उशिरा ओरडलात तर कशाबद्दल ओरडा बसला हे त्याला कळत नाही.

तुतारीवाला
दार ठीक आहे हो, पण रानाला दार नसतं. साडेसतरा जोड्या (मोजणी जोड्यांतच होते) म्हणजे ३५ कुत्रे झाडीत शिरले की दिसतात चार-पाच, बाकीचे भुंकण्यावरून ओळखायचे. मदतीला एखाददुसरा व्हिपर-इन, म्हणजे कळप आवरणारा मदतनीस. कळप थांबवायचा तर घोडा त्यांच्या पुढे काढावा लागतो. मागून चाबूक वाजवला तर ते आणखी पळतात. मध्ये कुंपण आलं की संपलंच. शिवाय फडक्याला खोकडाच्या मुताचा वास लावायचा आणि खरं खोकड दिसल्यावर कुत्र्याने सोडून द्यावं म्हणायचं! ॲनिसीडचं (बडीशेपेसारख्या वासाचं) तेल वापरा ना.

रानवाट
तेलाच्या उग्र वासावर कळप मान वर करून सुसाट सुटतो, नाक जमिनीला लागत नाही. कसब दिसतं ते वास तुटल्यावर. हंट्समनने गप्प उभं राहायचं, कळपाला पसरून शोधू द्यायचं आणि नाहीच जमलं तर शिंग वाजवून वाऱ्याच्या अंदाजाने पुढे न्यायचं. घाईने मदत केली तर कुत्रे नाक सोडून त्याच्या तोंडाकडे बघायला शिकतात. तेलावर हे सगळं विसरा.

बांधावरून
का विसरा? फडका उचलायचा, पन्नास पावलांवर पुन्हा टेकवायचा, वास तुटला. आपल्या उटी हंट या शिकारी क्लबचा कळप पूर्वी कोल्ह्यामागे धावायचा, आता ओढलेल्या वासावर धावतो. खरा फरक वाटेचा आहे. ड्रॅग हंटिंगमध्ये (तिथे ओढलेला वास प्राण्याचा नसतो) ती हंट्समनला आधी ठाऊक असते. ट्रेलमध्ये बऱ्याचदा मुद्दाम सांगत नाहीत, म्हणून कळप भलत्या वासावर गेलेला त्यालाच उशिरा कळतो.

रानवाट
वाट सांगावी, हे मान्य. वास बदलायची गरज नाही.

तुतारीवाला
मग तुमच्याच साखळीचं सांगा. हाउंड साधारण सहा-सात हंगाम धावतो, म्हणजे २००५ चा एकही आज कळपात नाही. तरी खोकडाचा माग यांना बरोबर कळतो. जुन्याच्या पट्ट्याला बांधलेला नवा फक्त मेंढी सोडायलाच शिकतो, असं थोडंच आहे?